पाणी कापून सत्तर

बसस्टँडजवळच्या मेडिकलच्या पायरीशी वजनाचं एक यंत्र ठेवलेलं आहे. ते कुणासाठी ठेवलंय हे मेडिकलवाल्यालाही सांगता येत नाही, कारण बहुतेक वेळ त्यावर त्याच्या चपलाच उभ्या असतात. मार्च महिन्यातल्या एका सकाळी नऊच्या सुमाराला आनंदराव गोळ्यांची पुडी खिशात टाकून पायरी उतरले, त्या चपला पायानेच बाजूला सारल्या आणि काही कारण नसताना यंत्रावर उभे राहिले. काचेत लाल आकडे आले. ७४.२. गोपीचंद त्यांच्या मागेच होता. त्याने तो आकडा वाचला आणि पुन्हा वाचला, कारण दोनच तासांपूर्वी मासळी बाजारातल्या आपल्या काट्यावर याच माणसाचं वजन करून त्याने वहीत स्वतःच्या हाताने ७० लिहिलं होतं. दोन तासांत माणूस चार किलो वाढत नाही. या दोन तासांत आनंदरावांच्या पोटात एक कप चहा आणि एक केळं गेलं होतं, आणि केळ्यातलं अर्धं गोपीचंदच्या पोटात गेलं होतं.

"बिघडली मशीन," आनंदराव म्हणाले. "तू चढ."

गोपीचंद चढला. एकसष्ट. गेली अठरा वर्षं तो एकसष्टच होता.

"तुयं तं बरोबर सांगून राहिली," आनंदराव खाली वाकून काचेकडे पाहत म्हणाले. "म्हंजे माह्यापुरतीच बिघडली. आपल्या काट्यावर किती होतं सकाळी?"

"सत्तर."

"मंग झालं. कोनाचं आयकाचं? तुयं, का ह्या डब्ब्याचं?"

"मशीन बिघडली असन," गोपीचंद म्हणाला, आणि हे म्हणताना आपण खोटं बोलतोय हे त्याला कळलं, पण नेमकं कुठल्या जागी खोटं आहे ते कळलं नाही. मेडिकलवाल्याने आतून चपलांना कोण हात लावतंय म्हणून विचारलं. दोघं निघाले. आनंदराव दहा पावलं चालले की एखाद्या दुकानाची पाटी वाचायला थांबायचे. मागच्या आठवड्यापर्यंत ते पंचवीस पावलांनी थांबायचे. तेव्हा वाचायला एवढ्या पाट्या लागत नव्हत्या. आज त्यांनी 'येथे सर्व प्रकारचे पंखे भरून मिळतील' ही पाटी दोनदा वाचली, आणि गोपीचंद शेजारी उभा राहून, आपल्यालाही पंखे भरायचे आहेत असा चेहरा करून, मनात सकाळचा काटा पुन्हा पुन्हा पाहत राहिला.

सकाळी काट्याची सुई कुठे होती? हे त्याला आठवायला हवं होतं. काटा त्याचा होता. बाजाराच्या पत्र्याखाली लोखंडी तुळईला टांगलेला, घड्याळासारख्या गोल तबकडीचा, शंभर किलोचा. एकतीस वर्षं तो त्याच्याखाली बसत आला होता. नदीवरून डोंग्यांतून मासळी यायची, रोहू, कतला, मरळ, कधी झिंगे, टोपली काट्याच्या हुकाला लागायची, सुई थरथरून थांबायची आणि गोपीचंद आकडा पुकारायचा. पण सुईवरचा आकडा त्याने कधीच पुकारला नव्हता. ओली मासळी म्हणजे पाणी. टोपलीच्या वेतात पाणी, खवल्यांत पाणी, कल्ल्यांत पाणी. त्या पाण्याची तूट सोडायची हा बाजाराचा रिवाज. त्याला पाणी कापणं म्हणतात. किती कापायचं ते काटेवाल्याने नजरेने ठरवायचं. गोपीचंदची नजर अशी की कोरंभीचे, पवनीचे, पार बपेऱ्याचे व्यापारी दुपारी टोपली निथळून परत तोलायचे, आणि गोपीचंदने पुकारलेलाच आकडा यायचा, पावशेराचाही फरक नाही. "गोपीचंदचं पानी" असं लोक म्हणायचे, एखाद्या गावाचा आंबा सांगावा तसं. सुरुवातीला तो सुई पाहायचा, पाणी ठरवायचा, वजा करायचा आणि मग बोलायचा. पुढे मधल्या पायऱ्या गळाल्या. डोळ्यांनी सुई पाहिली की तोंडातून कोरडा आकडा निघायचा. मध्ये कुणीतरी वजाबाकी करत असणार, पण त्याची आणि गोपीचंदची गाठ पडून वर्षं लोटली होती.

पंख्यांच्या दुकानासमोर, आनंदराव तिसऱ्यांदा पाटी वाचायच्या बेतात असताना, तो वजाबाकी करणारा माणूस गोपीचंदला एकाएकी भेटला. सकाळी सुई पंचाहत्तरवर होती. त्यातला एक किलो आनंदरावांना बसवायच्या जाळीच्या झोळण्याचा. चार पाण्याचे. राहिले सत्तर.

हे असं होण्यासाठी मुळात माणूस मासळीच्या काट्याला कशाला लागावा, हा प्रश्न कुणीही विचारील, आणि त्याचं उत्तर रश्मी मॅडमकडे जातं. दिवाळीनंतर आठव्या दिवशी आनंदरावांना अटॅक आला. त्यातून ते वाचले, पण हृदयाचा एक तुकडा मेला आणि उरलेलं हृदय थकलं. घरी सोडताना रश्मी मॅडमने, म्हणजे हृदयाच्या दवाखान्यातल्या तरुण डॉक्टरीणबाईंनी, तीन गोष्टी सांगितल्या: मीठ नाहीसारखं, पाणी दिवसाला दीड लिटर, आणि रोज सकाळी एकाच काट्यावर वजन. हृदय थकलं की पाणी अंगात साचतं, आणि सूज डोळ्यांना दिसायच्या आधी काट्याला कळते. तीन दिवसांत दोन किलो वाढलं तर त्याच दिवशी यायचं, वाट पाहायची नाही. आनंदरावांच्या मुलीने, रंजूने, घरात वजनाचं यंत्र घेऊ म्हटलं. आनंदराव म्हणाले, "आपला गोप्या असतानी यंत्र कायले?" गोपीचंदची छाती त्या दिवशी इतकी फुगली की त्याचंच वजन वाढलं असेल. त्याने जुन्या जाळ्याचा एक झोळणा शिवला, आणि रोज सकाळी सातला, मासळी येण्याआधी, आनंदराव त्यात पाय पोटाशी घेऊन बसायचे आणि तुळईला लोंबायचे. साऱ्या बाजाराची करमणूक. जमुनाबाई, जिची मरळ विकून संपते पण जीभ कधी संपत नाही, ती रोज लिलाव पुकारायची.

"सत्तर किलो! कोनाले पायजे? बोला!"

"तूच घे ना जमुना," झोळण्यातून आनंदराव म्हणायचे.

"नाई बाप्पा. डोकंच मोठं हाये, अन् काटे किती!"

मग गोपीचंद वहीत सत्तर लिहायचा. खाली बारीक रेघ. डिसेंबर, जानेवारी, फेब्रुवारी. फेब्रुवारीच्या शेवटी रश्मी मॅडमने वही चाळली आणि म्हणाल्या, "इतकं स्थिर वजन मी क्वचितच पाहिलं. कोण लिहितं हे?" आनंदरावांनी गोपीचंदला दंडाला धरून पुढे केलं, शाळेच्या बक्षीस समारंभात मुलाला करतात तसं. त्या वेळचं सत्तर खरं होतं. एक किलो झोळण्याचा आणि कधी थंडीतल्या शालीचा पाव, एवढंच तो सोडायचा. खोटं नंतरचं होतं. आणि त्यातही सगळ्यात वाईट भाग गोपीचंदला आत्ता, रस्त्यावर, कळत होता. त्याने सवयीने ठरावीक कापलं असतं तरी वही वाढ दाखवत राहिली असती. पण त्याने नजरेने कापलं होतं. आनंदरावांची पावलं चपलेच्या पट्ट्याबाहेर आलेली, डोळ्यांखाली ओल धरलेली, पिंढऱ्या चकाकणाऱ्या. त्याच्या नजरेने रोज ते पाणी बरोबर ओळखलं, अगदी पावशेरापर्यंत, आणि रिवाजाप्रमाणे सोडून दिलं. रश्मी मॅडम जे पाणी शोधत होत्या तेच, जेवढ्याला तेवढं, तो रोज सकाळी वेगळं काढून फेकत होता. भंडाऱ्यात एवढं अचूक निदान दुसऱ्या कुणी केलं नसतं, आणि ते असं पुसूनही टाकलं नसतं.

"काहून थांबला?" आनंदराव पुढून म्हणाले. आता ते पुढे होते.

"पाटी वाचून राहिलो."

"वाच वाच," आनंदराव समजूतदारपणे म्हणाले.

घरी पोचेपर्यंत सांगू, असं गोपीचंदने ठरवलं. घर आलं. अंगणात धनीराम दोन विटांवर उभा राहून नळ दुरुस्त करत होता. नळ बिघडलेला नव्हता. म्हणजे दुरुस्ती सुरू होण्याआधी नव्हता. धनीराम आनंदरावांच्या बायकोचा भाऊ, बपेऱ्याचा. बहीण वारून सात वर्षं झाली, पण भाऊजींना अटॅक आल्याचं कळलं तशी पहिल्या बसने पिशवी घेऊन आला आणि तेव्हा खरंच बैलासारखा राबला. दवाखान्यात चहा आणला, औषधं आणली, रात्री जमिनीवर झोपला, ॲम्ब्युलन्सवाल्याशी भांडला, सफाईवाल्याशी भांडला, आणि वॉर्डातला जो पेशंट भाऊजींपेक्षा जास्त कण्हायचा त्याच्याशीही भांडला. आनंदराव घरी आले. धनीरामही घरी आला. पाच महिने झाले. आता त्याने मच्छरदाणीसाठी भिंतीत चार खिळे ठोकले होते, दूधवाला बदलला होता, रंजूचं शिवणयंत्र उजेड बरा येतो म्हणून दुसऱ्या खिडकीशी हलवलं होतं, जिथे उजेड येत नव्हता. "मी हाये ना," असं तो म्हणायचा. आणि तो होताच, हीच अडचण होती.

धनीरामवरून गोपीचंदला जानेवारीतली ती दुपार आठवली आणि त्याला ती आठवायला नको होती. रश्मी मॅडमकडे गर्दी नव्हती. आनंदरावांनी विचारलं होतं की अटॅक तर होऊन गेला, मग हे हृदय अजून काहून थकत चाललं? मॅडमने कार्डियोग्रामच्या पट्टीच्या पाठीवर पेनाने एक हृदय काढलं. ते आंब्यासारखं दिसत होतं. त्यातला एक कोपरा काळा केला. म्हणाल्या, हा भाग मेला. तो मेल्याबरोबर रक्तातल्या पांढऱ्या पेशी धावून आल्या. मेलेलं खाऊन टाकायचं, जागा साफ करायची, मग जखम भरायला मदत करायची, हे त्यांचं काम. त्या आल्या नसत्या तर तुम्ही वाचला नसता. पण काम झालं की त्यांनी जायला हवं. काही जात नाहीत. तिथेच ठिय्या मारतात, आणखी पेशींना सांगावे धाडतात, आणि रक्तवाहिन्यांच्या आतलं नाजूक अस्तर सुजतं ठेवतात. म्हणून चांगल्या भागालाही त्रास. आनंदरावांनी हे सगळं, गावातल्या एखाद्या घराण्याची हकीगत ऐकावी तसं ऐकलं.

"म्याडम, त्याईले कोनी सांगत नाई का, बाई, काम झालं, आता जा म्हनून?"

"सांगणाऱ्या पेशीही असतात. त्यांचं कधी कधी ऐकलं जात नाही."

"त्याईले घालवाचं औषध?"

"त्यावर जगभर शोध चाललाय. तोवर आपण पाणी, मीठ, वजन सांभाळू. आणि ही लघवीची गोळी चुकवायची नाही."

आनंदराव त्या आंब्याकडे पाहत म्हणाले, "पन तशा वाईट नाई म्हना त्या. माह्यासाठीच आल्या ना धावून." बाहेर येऊन रिक्षा सुरू झाल्यावर ते एकच वाक्य बोलले: "म्हंजे धनीराम." गोपीचंद एवढा हसला की रिक्षावाल्याने गाडी बाजूला घेतली. पुढे दोघांचा तो शब्दच झाला. पिंढरीत कळ आली की आनंदराव म्हणायचे, "धनीराम फिरून राहिला आतमंदी."

आता अंगणात खरा धनीराम पान्याने नळ पिळत होता आणि गोपीचंद त्याच्याकडे पाहून हसू शकत नव्हता. तो स्वतः किती वर्षांपूर्वी धावून आला होता, आणि कशासाठी? तसा तो धावून आला नव्हता. त्याला ओढून आणलं होतं. पवनीला, वैनगंगेवर, तो एकोणीस वर्षांचा असताना आनंदरावांच्या डोंग्यातून पडला होता. मासेमार ढिवराच्या घरात जन्मून त्याला पोहता येत नव्हतं, ही गोष्ट त्याने तोवर सगळ्यांपासून लपवली होती. नदीपासून मात्र लपली नाही. आनंदरावांनी त्याला केसांना धरून वर काढला, रेतीवर पालथा घातला, पाठीत गुडघा दिला आणि त्याच्या तोंडातून पाणी निघताना शेजारी बसून शांतपणे विडी ओढली. विडी संपल्यावर म्हणाले, "तुयं पान्याशी जमत नाई. तू काट्यावर बस." मच्छीमार सोसायटीत भांडून त्याला काट्यावर बसवलं. लग्न जमवायलाही तेच गेले होते. तेव्हापासून गोपीचंद त्यांच्या अवतीभवती होता आणि हे अवतीभवती असणं हेच आपलं खरं काम, काटा हा जोडधंदा, असं त्याला मनातून वाटत आलं होतं. माणसाला कुणीतरी आपल्यासाठी आहे याचा त्रास होऊ शकतो, हे वाक्य त्याने कुणाच्या तोंडून ऐकलं असतं तर त्याला पटलं नसतं. शरीरातल्या त्या पेशींनाही पटलं नसेल. त्यांना वाटत असेल, आपण आहोत ना.

रंजूने चहा आणला. आनंदरावांनी खुर्चीत बसून पाय समोरच्या स्टुलावर टाकले; आजकाल खाली सोडलेले पाय त्यांना जड वाटायचे. ओट्यावर टरबुजाची सालं पडली होती. नदीच्या रेतीतलं टरबूज धनीराम रोज आणायचा, आणि आनंदराव ते दीड लिटरच्या हिशेबात धरायचे नाहीत, कारण ते खाल्लं जातं, पिलं जात नाही. रंजू यावर तीनदा भांडून थकली होती.

"काका, सकाळी किती भरलं?" तिने विचारलं.

गोपीचंदने कप तोंडाला लावला. चहा संपलेला होता. तरी तो पीत राहिला.

"सत्तर," आनंदरावच म्हणाले. "अन् ती मेडिकलवाली मशीन चौऱ्याहत्तर सांगते! लोकाईले घाबरवाचे धंदे."

रंजूने गोपीचंदकडे पाहिलं. तिची नजर बापासारखीच होती. विश्वास ठेवायचा एकदा ठरवला की पुन्हा न तपासणारी. तीच नजर चुकवायला म्हणून गोपीचंद खाली वाकला आणि स्टुलावरच्या पायाकडे पाहू लागला. आणि मग त्याचा हात आपोआप पुढे गेला. बाजारात मासा घेताना कुणीही करतं ते त्याने केलं: अंगठा टेकवला आणि दाबला. ताज्या मासळीचं मांस दाबलं तर लगेच वर येतं. शिळ्याचं येत नाही. अंगठ्याचा खळगा तिथेच राहतो, आणि मग गिऱ्हाईक काही न बोलता पुढच्या टोपलीकडे जातं. गोपीचंदने अंगठा उचलला. आनंदरावांच्या नळीवर खळगा राहिला. त्याने मनात दहापर्यंत मोजलं. खळगा होता. त्यात दाराचा उजेड पडला होता. त्याला कुठल्याही टोपलीकडे जाता येणार नव्हतं.

"काय रे, ताजा हाये का मी?" आनंदराव म्हणाले.

"चाला," गोपीचंद उठला. "म्याडमकडे."

"काहून?"

"असंच."

"असंच कोनी हृदयाच्या दवाखान्यात जाते का? सिनेमा हाये का तो?"

"रंजू, वही घे," गोपीचंद म्हणाला, आणि त्याच्या आवाजात असं काहीतरी होतं की रंजूने 'कायले' विचारलं नाही. धनीरामनेही पाना खाली ठेवला. नळातून एक बारीक धार आकाशाकडे गेली, ती कुणीच पाहिली नाही.

दवाखान्यात वजनाचा काटा जमिनीवरचा होता, रुंद पायाचा, समोर आकड्यांची काच. सिस्टरने आनंदरावांना चढायला सांगितलं. ते चढले नाहीत. "सिस्टर, तुमी चांगल्याच हा," ते म्हणाले, "पन माह्यं वजन हा पुकारते. दुसऱ्याच्या तोंडून आयकलं तं मले ते माह्यं वाटत नाई." सिस्टरने रश्मी मॅडमकडे पाहिलं. मॅडमने मान हलवली. आनंदराव चढले. गोपीचंद काचेसमोर उभा राहिला. ७४.६. आणि त्याच्या तोंडात, जिभेच्या टोकाशी, सत्तर तयार होतं. धुतलेलं, निथळलेलं, पुकारायला तयार. एकतीस वर्षं ते असंच तयार होऊन येत आलं होतं आणि त्याने फक्त तोंड उघडायचं होतं. त्याने तोंड मिटलं. इतका वेळ मिटलं की सिस्टरने, "दिसत नाही का? चष्मा देऊ?" म्हणून विचारलं.

"चौऱ्याहत्तर," गोपीचंद म्हणाला. "अन् सहाशे."

आनंदरावांनी काट्यावरूनच मान वळवली. "अन् पानी?"

"पानी धरून."

रश्मी मॅडमनी वही उघडली. "इथे तर आज सकाळचं सत्तर आहे. कालचंही. परवाचंही."

मग गोपीचंदने सांगितलं. त्याला वाटलं होतं की दोन वाक्यांत होईल, पण आधी रिवाज समजावून द्यावा लागला, मग टोपली, मग झोळणा, मग नजर. मॅडम नागपूरच्या होत्या. त्यांनी आयुष्यात मासळी पाकिटातलीच पाहिली असावी. त्या मध्येच थांबवून विचारायच्या, "म्हणजे खरं वजन तुम्ही पाहत होता?" आणि तो म्हणायचा, "पायत होतो, पन बोलत नव्हतो," आणि हे वाक्य त्या हिरव्या पडद्यांच्या खोलीत फारच वाईट ऐकू यायचं. रंजू भिंतीला टेकून उभी होती. आनंदराव अजून काट्यावरच होते. त्यांना उतरा असं सांगायचं सगळे विसरले होते, आणि त्यांच्या समोर तो आकडा लाल जळत होता.

मॅडम रागावतील, असं त्याला वाटलं. त्या रागावल्या नाहीत. त्याला ते बरं वाटलं नाही. त्यांनी पेन्सिल घेतली. "रोज किती सोडलं, काही अंदाज आहे?"

"अंदाज नाई," गोपीचंद म्हणाला. "आठवते." आणि त्याने सांगायला सुरुवात केली, आणि खोलीतली माणसं हळूहळू त्याच्याकडे वळली, कारण तो वहीकडे न पाहता, भिंतीकडे पाहून, एकेक तारीख बोलत होता. झोळण्याचा किलो वेगळा. अकरा तारखेपर्यंत पानी शून्य. बाराला पावशेर. तेराला अर्धा. चौदाला अर्धाच, पण डोळ्यांखाली ओल होती. पंधराला पाऊण. सोळाला सव्वा. अशी तेवीस तारीख आली, चार. मॅडमनी सत्तरांच्या रांगेशेजारी पेन्सिलीने खरे आकडे मांडले, आणि मग त्यांच्यावरून एक रेघ ओढली. अकरापर्यंत ती सपाट होती, आणि बारापासून चढत गेली होती, नदीचा घाट खालून पाहावा तशी.

"अकरा तारखेला काय झालं?" मॅडमनी विचारलं.

रंजूने धनीरामकडे पाहिलं. "टरबूज मी पंधरानंतर आनलं," धनीराम घाईने म्हणाला. "पयले संत्री होती."

आनंदराव खिडकीबाहेर पाहत होते. तिथे पाहण्यासारखी एक स्कूटर होती. "पवनीले लग्न होतं अकराले," ते स्कूटरला म्हणाले. "लघवीची गोळी घेतली की दर पंधरा मिनिटाले. बस थांबत नाई. म्हनून त्या दिवशी नाई घेतली. दुसऱ्या दिवशी काट्यावर पायतो तं सत्तर. तिसऱ्या दिवशी सत्तर. गोळी घेऊन सत्तर, न घेता सत्तर. मंग गोळी कायले?"

वहीत खरोखरच सत्तर होतं. रंजूने बापाच्या खिशातून सकाळची पुडी काढली, आणि मग तिला आठवलं की घरी मुरमुऱ्याच्या डब्यात अशाच न फोडलेल्या पुड्या सापडल्या होत्या आणि त्या धनीरामच्या असतील असं समजून तिने परत ठेवल्या होत्या. तिने पदराने बापाच्या कपाळावरचा घाम पुसला, जरा जोरातच.

"ॲडमिट करते," रश्मी मॅडम म्हणाल्या. "शिरेतून इंजेक्शन देऊ, पाणी उतरेल. आज आलात हे बरं केलं. अजून दोन दिवस गेले असते तर पाणी फुप्फुसात भरलं असतं." त्या गोपीचंदला उद्देशून बोलल्या की सगळ्यांना, हे कळलं नाही. त्याने ते सगळं स्वतःकडे घेतलं, दोन्ही वाक्यं, बरं आणि वाईट.

खाटेवर टेकून बसवल्यावर, हाताला सुई लावून झाल्यावर, आनंदरावांनी त्याला जवळ बोलावलं. श्वास लागत होता, म्हणून वाक्यं तुटत होती. गोपीचंदने कान जवळ नेला. शिवी मिळेल अशी त्याला आशा होती.

"चार किलो?"

"हाव."

"रोज... येकट्यानं उचलून... बाजूले ठेवत होता?"

"समजलंच नाई भाऊ मले. हात चालत गेला."

आनंदरावांनी छताकडे पाहत श्वास गोळा केला. "मले समजत होतं," ते म्हणाले. "चप्पल जात नव्हती पायात. पन तू सत्तर म्हनला की बरं वाटे. सकाळ चांगली जाये." आणि त्यांनी सुई नसलेल्या हाताने त्याचे केस धरले आणि डोकं हलकेच हलवलं, केस आता धरण्याइतके उरले नव्हते तरी.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला गोपीचंद दवाखान्यात होता. बाजारात काट्याखाली जमुनाबाईला बसवून आला होता. तिकडे आज काय आकडे पुकारले जातील याचा विचार त्याने मुद्दाम केला नाही. आनंदरावांचा चेहरा उतरला होता, म्हणजे चांगल्या अर्थाने. गाल परत हाडांवर आले होते. सिस्टरने काटा ढकलत खाटेपाशी आणला. रंजूने एका बाजूने धरलं, गोपीचंदने दुसऱ्या. आनंदराव चढले, झोक गेला, आणि त्यांनी गोपीचंदच्या खांद्यावर हात टेकला. काचेतले आकडे भिरभिरले. बहात्तर, एकाहत्तर, आणि मग थांबले. ७०.०.

"सत्तर!" धनीराम दारातून ओरडला. "भाऊजी, सत्तर!" शेजारच्या खाटेवरचा पेशंट उठून बसला. सिस्टर हसली आणि पेन उघडलं. रंजूच्या तोंडावर गेल्या दिवाळीपासून न दिसलेलं काहीतरी उजळलं. आनंदराव वळून गोपीचंदकडे पाहत होते, वाट पाहत होते, त्याने पुकारायची. खांद्यावरचा हात कोमट होता, आणि जड. त्या हाताचं वजन गोपीचंदला नीट कळत होतं. दोन किलोच्या वर, अडीचच्या आत.

"हात काढा भाऊ," तो म्हणाला.

"पडीन ना बे."

"नाई पडत. काढा."

आनंदरावांनी हात काढला. बोटं आधी उचलली, मग तळवा. गोपीचंद एक पाऊल मागे सरला. आनंदराव दोन्ही हात जरासे बाजूला धरून, डोंग्यात उभे राहतात तसे, एकटे उभे राहिले आणि आकडे चढू लागले. गोपीचंद काचेवर डोळे लावून, काहीही वजा न करता, ते थांबायची वाट पाहू लागला.

"बहात्तर," त्याने पुकारलं. "अन् तीनशे. लिवा सिस्टर."